आपत्ती-पूर्वतयारी आणि महाविद्यालय : ‘भागीदारी’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात आपत्ती आली की महाविद्यालयाचे दार उघडते, हा आता रिवाज झाला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी आलेल्या महापुरांत शाळा-महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांमध्ये पूरग्रस्तांचे मुक्काम पडले. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत अनेक वसतिगृहे विलगीकरण केंद्रे बनली. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक धान्य वाटतात, गाळ उपसतात, औषधे पोहोचवतात. या सेवेचे मोल कोणीही नाकारणार नाही. मात्र हीच सेवा परिपत्रकांत, चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांत आणि महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत ‘भागीदारी’ या नावाने नोंदवली जाते, तेव्हा त्या शब्दाची तपासणी करणे आवश्यक ठरते.

भागीदारीत किमान दोन पक्ष असतात, दोघांनाही एकमेकांची कर्तव्ये आधीपासून ठाऊक असतात आणि निर्णयात दोघांचाही वाटा असतो. या कसोटीवर आपल्याकडील प्रचलित व्यवस्था उतरत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आपत्ती व्यवस्थापनात महाविद्यालयाचा प्रवेश आज तीन वाटांनी होतो : इमारत म्हणून, मनुष्यबळ म्हणून आणि अभ्यासक्रमातील एक घटक म्हणून. या तिन्ही वाटांनी महाविद्यालय उपयोगी पडते. पण एकाही वाटेने ते भागीदार होत नाही. या विधानाची तपासणी प्रथम कायद्याच्या, नंतर विद्यमान योजनांच्या व अभ्यासक्रमाच्या आधारे केली आहे. त्यानंतर जपानमधील दोन घटनांच्या तुलनेतून पर्यायाची किमान रूपरेषा मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

‘आपत्ती’ आणि ‘पूर्वतयारी’ : संकल्पनांचा अर्थ

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये आपत्तीची व्याख्या दिली आहे. तिच्यातील एक अंग आपल्या चर्चेत विशेष महत्त्वाचे आहे. बाधित क्षेत्रातील समुदायाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडे जाणारी घटना म्हणजे आपत्ती, असे ही व्याख्या सांगते. याचा अर्थ असा की केवळ पाऊस, भूकंप किंवा दरड म्हणजे आपत्ती नव्हे. निसर्गाचा आघात आणि समुदायाची क्षमता यांतील अंतर म्हणजे आपत्ती होय. आघात आपल्या हाती नसतो, क्षमता मात्र वाढवता येते. पूर्वतयारी म्हणजे ही क्षमता आघातापूर्वी वाढवून ठेवणे.

ही व्याख्या गांभीर्याने घेतली तर महाविद्यालयाचे स्थान आपोआप स्पष्ट होते. तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय म्हणजे परिसरातील तीस-चाळीस गावांतून रोज येणारे तरुण, त्यांना ओळखणारे शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान आणि वर्षानुवर्षे टिकणारी संस्था. समुदायाची क्षमता एकत्र साठलेली अशी दुसरी जागा तालुक्यात क्वचितच असते. तरीही आपत्तीच्या नियोजनात या जागेकडे प्रामुख्याने छप्पर म्हणून पाहिले जाते.

कायद्यातील महाविद्यालय

अधिनियमाच्या कलम २५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन होते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि स्थानिक प्राधिकरणाचा निर्वाचित प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि राज्य शासनाने नेमलेले जास्तीत जास्त दोन जिल्हास्तरीय अधिकारी हे अन्य सदस्य असतात. शैक्षणिक संस्थेला या रचनेत स्वतःचे स्थान नाही. प्रतिसादाची यंत्रणा आटोपशीर असावी लागते, म्हणून या रचनेला दोष देण्याचे कारण नाही.

पुढील कलमांत मात्र महाविद्यालय दिसू लागते, तेही त्याचे नाव न घेता. आपत्तीच्या वेळी मदत केंद्र किंवा छावणी म्हणून वापरता येतील अशा इमारती व जागा निश्चित करणे आणि तेथे पाणी व स्वच्छतेची व्यवस्था करणे, हे जिल्हा प्राधिकरणाचे कार्य असल्याचे कलम ३० सांगते. कलम ६५ अन्वये तातडीच्या प्रतिसादासाठी साधने, जागा व वाहने अधिग्रहित करता येतात आणि कलम ६६ मध्ये त्याबद्दलच्या मोबदल्याची तरतूद आहे. संकटकाळात हा अधिकार शासनाकडे असलाच पाहिजे. तथापि अधिग्रहण आणि भागीदारी या एकमेकींपासून भिन्न गोष्टी आहेत. अधिग्रहणाला दुसऱ्या पक्षाची संमती लागत नाही, भागीदारी संमतीवाचून उभी राहत नाही.

कलम ३० मधील इमारत निश्चित करण्याचे कर्तव्य बारकाईने वाचले पाहिजे. इमारत निश्चित करणे म्हणजे यादीत महाविद्यालयाचे नाव लिहिणे एवढेच नव्हे. ती इमारत निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत आहे काय, तळमजल्यावर पाणी येते काय, किती स्वच्छतागृहे आहेत, त्यांपैकी स्त्रियांसाठी किती, वीज गेल्यास पाणी वर कसे चढणार, बाळंतिणीसाठी आडोसा कोठे, अंथरुणावर खिळलेल्या वृद्धाला वरच्या मजल्यावर कसे नेणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय इमारत निश्चित झाली असे म्हणता येत नाही. आणखी एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही : जनावरांचे काय? २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील अनेक कुटुंबे गोठ्यातील जनावरे सोडून निघायला तयार नव्हती. ज्या छावणीजवळ जनावर बांधायला जागा नाही, ती छावणी शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने अपुरीच. महाविद्यालयाचे मैदान याच कामी येऊ शकते. पण त्यासाठी मैदानाचा विचार जूनपूर्वी व्हायला हवा.

येथे कलम २८ ची आठवण करून देणे उचित होईल. या कलमानुसार जिल्हा प्राधिकरणाला आवश्यक वाटेल तेव्हा सल्लागार समित्या व अन्य समित्या नेमता येतात. तसेच कलम ३१ नुसार जिल्हा योजनेचा दरवर्षी आढावा घेऊन ती अद्ययावत करायची असते. २०२५ च्या दुरुस्ती अधिनियमाने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली मोठी शहरे यांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली असून राष्ट्रीय व राज्य पातळीवर आपत्तीविषयक माहितीसंच तयार करण्यावरही भर दिला आहे. सल्लागार समितीत प्राध्यापक, वार्षिक आढाव्यात महाविद्यालयाची निरीक्षणे आणि माहितीसंचात विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या गावनिहाय नोंदी, एवढ्या गोष्टींसाठी कायद्यात नवा शब्द घालण्याची गरज नाही. दार कायद्याने बंद केलेले नाही. ते ठोठावण्याची सवय महाविद्यालयांना नाही आणि उघडण्याची सवय प्रशासनाला नाही.

मनुष्यबळ : स्वयंसेवक आणि प्रशिक्षण

राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात झाला. प्रारंभी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात सहभागी होते. १९७० च्या दशकात दुष्काळनिवारण हा योजनेच्या विशेष शिबिरांचा विषय होता. म्हणजे आपत्ती आणि महाविद्यालयीन तरुण यांचे नाते या योजनेत सुरुवातीपासूनच आहे. महाराष्ट्रात कुलपतींच्या पुढाकाराने ‘आव्हान’ हे राज्यस्तरीय आपत्ती-पूर्वतयारी शिबिर सुरू झाले. त्यात राज्यातील विद्यापीठांचे निवडक स्वयंसेवक राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रशिक्षकांकडून शोध, बचाव व प्रथमोपचाराचे धडे घेतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेली ‘आपदा मित्र’ योजना प्रथम ३० जिल्ह्यांत राबवली गेली आणि नंतर ३५० जिल्ह्यांतील १ लाख स्वयंसेवकांपर्यंत विस्तारली. पाठोपाठ आलेल्या ‘युवा आपदा मित्र’ योजनेत राष्ट्रीय छात्र सेना, राष्ट्रीय सेवा योजना, नेहरू युवा केंद्र आणि भारत स्काउट्स व गाइड्स यांतील २ लाख ३७ हजारांहून अधिक तरुणांना प्रशिक्षित करण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले आहे.

हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांच्या रचनेत तीन उणिवा दिसून येतात.

पहिली उणीव सातत्याची आहे. स्वयंसेवक योजनेत दोन वर्षे असतो, पदवी तीन-चार वर्षांत पूर्ण होते आणि कार्यक्रम अधिकारीही मर्यादित मुदतीसाठीच नेमलेला असतो. महापूर या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. २००५ नंतर पुढचा मोठा पूर १४ वर्षांनी आला आणि त्यापुढचा अवघ्या दोन वर्षांनी. २००५ मध्ये गाळ उपसणारा विद्यार्थी २०१९ मध्ये महाविद्यालयात नव्हता. त्याला जे कळले होते ते कोठेही लिहून ठेवलेले नसेल, तर महाविद्यालयाने १४ वर्षांपूर्वीचा अनुभव गमावलेला असतो. प्रशिक्षित व्यक्तींची संख्या वाढते, संस्थेची स्मृती मात्र वाढत नाही.

दुसरी उणीव निवडीची आहे. एखाद्या महाविद्यालयातून दोन-चार विद्यार्थी विद्यापीठ पातळीवरील शिबिराला जातात. ते परतल्यानंतर त्यांनी काय करावे, कोणाला शिकवावे, तालुक्याच्या यंत्रणेत त्यांची नावे कोठे नोंदवावीत, हे ठरलेले नसते. प्रमाणपत्र फाईलमध्ये जाते आणि विद्यार्थी परीक्षेला लागतो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. ती सुरक्षिततेची व उत्तरदायित्वाची आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. पुराच्या पाण्यात सद्भावना पुरेशी ठरत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले. अशा पाण्यात अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी उत्साहाने उतरला आणि अपघात झाला, तर जबाबदार कोण? त्याला कोणी बोलावले होते? बोलावणे लेखी होते की दूरध्वनीवरून? त्याचा विमा होता काय? अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण दिले आहे. ते शासन व प्राधिकरणे, त्यांचे अधिकारी-कर्मचारी आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्या व्यक्ती यांना लागू होते. ‘वतीने’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. आपले काम प्राधिकरणाच्या वतीने चालले होते, हे दाखवणारा कागद कार्यक्रम अधिकाऱ्याजवळ नसेल, तर या संरक्षणाचा आधार घेणे त्याला अवघड जाईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोंडी विनंतीवर धावून जाणाऱ्या महाविद्यालयाचे कौतुक होते. पण आपल्या विद्यार्थ्यांना ते कोणत्या आधारावर पाठवते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अभ्यासक्रमातील आपत्ती

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांतील पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यात पूर, भूकंप, चक्रीवादळ व भूस्खलन यांच्या व्यवस्थापनाचा समावेश झाला. २००४ पासून देशातील बहुसंख्य पदवीधरांनी हा भाग कधीतरी ‘वाचला’ आहे. तथापि सांगलीतील विद्यार्थी आणि रत्नागिरीतील विद्यार्थी हा भाग एकाच क्रमाने, एकाच पुस्तकातून आणि एकाच प्रश्नसंचाच्या आधारे वाचतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे सांगलीच्या विद्यार्थ्याला वर्तमानपत्रातून कळते, वर्गातून नव्हे. दरडीचा धोका असलेल्या गावातील विद्यार्थी भूस्खलनाची चार कारणे पाठ करतो. आपल्या घरामागच्या डोंगराला भेग पडली आहे काय, हे पाहण्यास त्याला कोणी सांगत नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या दुर्घटनांनंतर तरी ही अलिप्तता संपायला हवी होती.

ज्ञानाच्या आधारे संस्था भागीदार कशी होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जे पुनर्वसन झाले, त्यात टाटा समाजविज्ञान संस्थेने समुदाय-सहभागाच्या क्षेत्रात सल्लागाराची भूमिका बजावली. तेथे एका शैक्षणिक संस्थेकडे तिच्या विद्याशाखेला साजेसे काम सोपवले गेले होते. पुढे या संस्थेने २००६ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र उभारले. अर्थात ही राष्ट्रीय कीर्तीची संस्था होती आणि तिचा सहभाग आपत्तीनंतरचा होता. सामान्य महाविद्यालयाने आपत्तीपूर्वी असे काम करावे, यासाठी कोणतीही रीत आपण घालून दिलेली नाही.

कामाइशी आणि ओकावा

आपत्तीपूर्वीच्या भागीदारीने काय साधते आणि तिच्या अभावी काय घडते, हे जपानमधील दोन घटनांतून कळते. दोन्ही घटना ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीतील आहेत आणि दोन्ही ठिकाणी शाळकरी मुले होती.

कामाइशी या किनारी शहरात गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका काताडा यांनी २००४ पासून स्थानिक शाळांबरोबर आपत्ती-शिक्षणाचे काम सुरू केले होते. त्यांच्या शिकवणीत तीन तत्त्वे होती : गृहीतकांवर विसंबू नका, त्या क्षणी शक्य तेवढा सर्व प्रयत्न करा आणि स्वतः प्रथम निघून इतरांना वाट दाखवा. धोक्याच्या नकाशानुसार तेथील एक प्राथमिक व एक माध्यमिक शाळा त्सुनामीच्या रेषेबाहेर होती. तरीही माध्यमिक शाळेची मुले भूकंपानंतर लगेच धावत निघाली. त्यांना पाहून प्राथमिक शाळेची मुलेही बाहेर पडली. पहिली ठरलेली जागा असुरक्षित वाटताच ती सर्व आणखी उंचावर गेली. वाटेत मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. दोन्ही शाळांच्या इमारती पाण्याखाली गेल्या. शहरात सुमारे हजार माणसे मृत वा बेपत्ता झाली. पण सुमारे ३,००० शालेय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सर्वच बचावले. वृत्तपत्रांनी याला चमत्कार म्हटले. प्रत्यक्षात ते सात वर्षांच्या अध्यापनाचे फळ होते.

इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत, नदीकाठी होती. शाळेमागे टेकडी होती. भूकंपानंतर मुले व शिक्षक जवळजवळ ५० मिनिटे मैदानातच थांबले. ७४ विद्यार्थी आणि १० शिक्षक मृत्युमुखी पडले. शाळेकडे आपत्तीचा आराखडा नव्हता असे नाही. त्यात दुसरे आश्रयस्थान म्हणून जवळची ‘मोकळी जागा, उद्यान इत्यादी’ अशा आशयाची मोघम नोंद होती. ती जागा नेमकी कोणती, हे ठरलेले नव्हते. पालकांच्या दाव्यात सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्णय देताना आपत्तीच्या दिवसाच्याही आधीची त्रुटी दाखवली. पूर्वतयारीचे कर्तव्य शाळेने व स्थानिक शिक्षण यंत्रणेने पार पाडले नव्हते, असे न्यायालयाने ठरवले. २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला.

आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ओकावाचा धडा अधिक बोचरा आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी, शासकीय पाहणीसाठी किंवा वार्षिक अहवालासाठी आपल्याकडेही आराखडे तयार होतात. एका महाविद्यालयाचा आराखडा दुसऱ्याकडे जातो, नाव बदलते, मजकूर तसाच राहतो. ‘विद्यार्थ्यांना सुरक्षित स्थळी हलवावे’ हे वाक्य बहुतेक आराखड्यांत सापडते. सुरक्षित स्थळ कोणते, हे फार थोड्यांत लिहिलेले असते. उतरवून घेतलेला आराखडा निरुपयोगी असतोच, शिवाय तो धोकादायकही असतो. कारण तयारी झाली आहे अशी समजूत तो निर्माण करतो.

कामाइशीतील पहिले तत्त्वही आपल्याकडे तितकेच लागू पडते. २०१९ मध्ये अनेक कुटुंबांनी २००५ ची पूरखूण प्रमाण मानली. तेव्हा पाणी उंबऱ्याशी थांबले होते, म्हणून आताही थांबेल, या विश्वासाने ती घरातच राहिली. पाणी त्या खुणेच्या वर गेले. मागील आपत्ती ही पुढील आपत्तीची मर्यादा नसते, हे सांगण्यासाठी वर्गखोलीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

काही आक्षेप

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातील आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप असा की महाविद्यालयाचे काम शिकवणे हे आहे. हे मान्यच आहे. येथे सुचवलेली भागीदारी ही शिकवण्याच्या कामाचाच विस्तार आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने गावाचा पूरनकाशा करणे, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने जुन्या नोंदींची मांडणी करणे, मराठीच्या विद्यार्थ्याने शासकीय इशाऱ्याची भाषा गावाला समजेल अशी करणे, हे अध्ययनच आहे. धरणातून होणारा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. ‘तुमच्या गल्लीत पाणी केव्हा येईल’ हे नागरिकाला त्यातून कळत नाही. या दोहोंमधील अंतर भाषेचे व आकलनाचे आहे आणि ते कमी करणे ही विद्याशाखांची जबाबदारी आहे.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर आहे. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्याच्याकडून सात वर्षांच्या भागीदारीची अपेक्षा कशी करावी? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. कामाइशीत जे घडले ते एका प्राध्यापकाला तोच विषय घेऊन वर्षानुवर्षे काम करता आले म्हणून घडले. आपत्ती-पूर्वतयारी आणि अध्यापकाच्या नोकरीची स्थिरता हे दोन विषय वेगळे भासले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत, हे धोरणकर्त्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की भागीदारीच्या नावाखाली शासन आपली जबाबदारी महाविद्यालयांवर ढकलेल. निवडणूक, जनगणना आणि विविध मोहिमांचा अनुभव पाहता ही भीती निराधार नाही. म्हणूनच भागीदारी लेखी असावी. महाविद्यालय काय करेल याबरोबरच ते काय करणार नाही, हेही त्यात नमूद असले पाहिजे.

भागीदारीची किमान रूपरेषा

ओडिशातील अनुभव येथे मार्गदर्शक आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर तेथे उभारलेली बहुउद्देशीय आश्रयस्थाने मोठ्या प्रमाणात शाळांच्या आवारात आहेत. इमारतीचा रोजचा वापर होतो, तिच्या देखभालीसाठी स्थानिक समिती असते आणि नियमित सराव होतो. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळापूर्वी तेथे सुमारे १० लाख लोकांचे स्थलांतर होऊ शकले. त्यामागे इमारत, समिती आणि सराव यांचा मेळ होता. या अनुभवाच्या प्रकाशात महाविद्यालय आणि जिल्हा प्राधिकरण यांच्यातील करारात पुढील पाच बाबी असाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१) इमारतीचा पूर्वकरार : कोणत्या खोल्या, किती दिवसांसाठी, कोणाच्या लेखी आदेशाने दिल्या जातील, पाणी, स्वच्छता व वीज यांचा खर्च कोण करेल, इमारत कोणत्या स्थितीत परत मिळेल आणि परीक्षा चालू असल्यास पर्यायी व्यवस्था कोणती, हे पावसाळ्यापूर्वी ठरावे.

२) विद्यार्थ्यांच्या कामाची मर्यादा : विद्यार्थी पुराच्या पाण्यात किंवा दरडीच्या ढिगाऱ्यावर बचावकार्य करणार नाहीत, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. छावणीतील नोंदणी, माहिती देणे, वृद्ध व मुलांची काळजी, प्रथमोपचार आणि नंतरचे सर्वेक्षण ही त्यांची कामे असावीत. त्यांचा विमा, लसीकरण व लेखी बोलावणे यांची जबाबदारी प्राधिकरणाने घ्यावी.

३) गावनिहाय नोंदवही : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व समुदाय-सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. या श्रेयांकांतून दरवर्षी काही गावांची पाहणी करावी. एकटे राहणारे वृद्ध, अपंग व्यक्ती, जनावरांची संख्या, पूरखुणा, डोंगरउतारावरील भेगा आणि वापरात असलेले रस्ते यांची नोंद घ्यावी. वैयक्तिक माहिती संमतीने घ्यावी आणि ती केवळ प्राधिकरणाकडे सोपवावी. ही वही ग्रंथालयात जपावी व दरवर्षी तपासावी. संस्थेची स्मृती ती हीच.

४) नियोजनात स्थान : कलम २८ खालील सल्लागार समितीत महाविद्यालयाच्या प्रतिनिधीला घ्यावे आणि जिल्हा योजनेच्या वार्षिक आढाव्यात नोंदवहीतील निष्कर्षांवर चर्चा व्हावी. विचारपूस होत नसलेली माहिती गोळा करण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही.

५) संयुक्त सराव : वर्षातून किमान एकदा, शक्यतो मे महिन्याच्या अखेरीस, तहसील कार्यालय, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायती व महाविद्यालय यांनी एकत्र सराव करावा. छायाचित्रांपेक्षा सरावात काय चुकले याच्या नोंदीला अधिक महत्त्व असावे.

या पाचही बाबींना फार मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, कागद आणि एकमेकांविषयीचा विश्वास.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रचलित व्यवस्थेत महाविद्यालयाचा उपयोग होतो. पण त्याला विचारले जात नाही. कायद्याने त्यासाठी पुरेशी मोकळीक ठेवली आहे. प्रशिक्षणाच्या योजना व्यक्तींना तयार करतात. संस्थेला तयार करण्याची जबाबदारी कोणीही घेतलेली नाही. अभ्यासक्रमात आपत्ती आहे. परंतु तिचा परिसराशी असलेला संबंध तुटलेला आहे. आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपण आजवर चांगुलपणाच्या भरवशावर सोडून दिला आहे.

यातील प्रशासनाचा वाटा मोठा आहे, हे खरे. तरीही आरंभ महाविद्यालयांकडून होऊ शकतो. आपली इमारत पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे पाहण्यासाठी कोणाच्याही आदेशाची गरज नाही. आपल्या आराखड्यातील ‘सुरक्षित स्थळ’ या शब्दापुढे प्रत्यक्ष ठिकाणाचे नाव लिहिण्यासाठी अनुदान लागत नाही. महाविद्यालयातील आपत्ती व्यवस्थापन समितीने आपल्या पुढील बैठकीत एवढे एक नाव निश्चित केले आणि तेथपर्यंतचे अंतर विद्यार्थ्यांसह पायी चालून मोजले, तरी भागीदारीच्या दिशेने पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.